टॉमीची बोली, आपले शब्द: पहिल्या महायुद्धातल्या पायदळाच्या पोरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९१४ ते १९१८ या काळात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत लढलेल्या ब्रिटिश पायदळाच्या बोलीवर मी लिहायला-बोलायला लागलो, तेव्हापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टॉमी म्हणजे नक्की कोण? आमच्याकडे तर हे कुत्र्याचं नाव आहे!

ब्रिटिश पायदळातला साधा शिपाई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटिश लष्कराच्या कागदपत्रांत अर्ज कसा भरायचा हे दाखवायला 'थॉमस ॲटकिन्स' हे नमुन्याचं नाव छापलेलं असे. नमुन्यातला थॉमस हळूहळू सगळ्याच शिपायांना चिकटला आणि त्याचा टॉमी झाला. महायुद्धात त्याचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग होता. आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळापासून गोऱ्या शिपायाला 'सोजीर' म्हणत. पुण्या-बेळगावच्या छावणीतला सोजीर आणि बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या चिखलातला टॉमी हा एकच माणूस. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. ही मुलं खरोखर किती वयाची होती?

भरतीसाठी वय १८ पूर्ण हवं आणि परदेशी आघाडीवर जायला १९, असा नियम होता. १९१८ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा आघाडीची अट साडेअठरावर आणली. पण १९१४-१५ मध्ये स्वेच्छेने भरती होणाऱ्यांकडे कुणी जन्मदाखला मागत नसे. पोरगं म्हणेल ते वय लिहिलं जाई. सिडनी लुईस हा मुलगा ऑगस्ट १९१५ मध्ये भरती झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. फ्रान्समधल्या सोम इथल्या १९१६ च्या लढाईत तो होता तेव्हा तेरा. आईने जन्मदाखला पाठवल्यावर त्याला परत आणलं. जो स्ट्रडविकला परत आणणारं कुणी भेटलं नाही. जानेवारी १९१६ मध्ये तो मारला गेला. बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळच्या एसेक्स फार्म दफनभूमीत त्याच्या दगडावर वय कोरलं आहे: १५.

बोली समजून घेताना हे वय डोळ्यांसमोर ठेवा. यात दहावीतल्या वयाची मुलं आहेत आणि भोवती मृत्यू आहे.

३. 'ब्लाइटी' हा शब्द 'विलायती'वरून आला, हे खरं की आपली हौस?

खरं आहे, आणि कोशकारांचं यावर एकमत आहे. अरबी 'विलायत' म्हणजे प्रांत, अंमल. फारसीतून तो हिंदुस्थानात आला आणि इथे त्याला 'दूरचा देश', पुढे खास करून इंग्लंड, असा अर्थ चिकटला. आपल्याकडे विलायती चिंच आहे, विलायती दारू आहे, आणि 'पोरगा विलायतेला गेलाय' हे वाक्य दोन पिढ्यांपूर्वी घराघरांत होतं. छावणीतल्या गोऱ्या शिपायाने 'विलायती' हा शब्द बाजारात, धोब्याकडून, खानसाम्याकडून ऐकला. लोक ज्याला विलायत म्हणतात तो आपलाच गाव, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो स्वतःच्या घरासाठी उचलला. उच्चार झाला 'ब्लाइटी'.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश लष्कराचे सत्तर हजारांहून अधिक गोरे सैनिक हिंदुस्थानात तैनात होते. त्यांतल्या बहुतेक पलटणी युरोपात परत बोलावल्या गेल्या. त्यांचे जुने जाणते शिपाई नव्या भरतीतल्या पोरांशेजारी खंदकात उभे राहिले. लँकशरच्या गिरणीतून थेट आलेल्या, हिंदुस्थान नकाशावरही न पाहिलेल्या पोराच्या तोंडी हा शब्द काही आठवड्यांत बसला. 'इंग्लंड' या नावात राजा होता, सरकार होतं. 'ब्लाइटी' म्हणजे आईच्या हातचा चहा.

४. आपल्या भाषांतले आणखी कोणते शब्द खंदकात होते?

पुष्कळ. रोज वापरातले सांगतो.

'डिक्सी' म्हणजे पलटणीचं स्वयंपाकाचं मोठं भांडं, आपली देगची किंवा डेगची. चहाही डिक्सीत, रस्साही डिक्सीत, त्यामुळे चहाला रश्श्याचा वास. 'चिट' म्हणजे चिठ्ठी. 'डेको' म्हणजे 'देखो', खंदकावरून पटकन एक नजर टाकणं, आणि या एका नजरेत कितीतरी जण बंदूकधाऱ्याच्या गोळीला बळी पडले. 'बकशी' म्हणजे फुकटचं, वरकड मिळालेलं, आपल्या बक्षिसाचा भाऊ. 'रूटी' म्हणजे रोटी, 'पॉनी' म्हणजे पाणी, 'बंडूक' म्हणजे बंदूक, 'जिल्डी' म्हणजे जल्दी. पायाला गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या कापडी पट्ट्या म्हणजे 'पटीज'. आणि खुद्द 'खाकी': खाक म्हणजे धूळ, माती. पेशावरला १८४६ मध्ये उभारलेल्या गाइड्स पलटणीने हा रंग रुजवला आणि तिथून तो साऱ्या लष्करात पसरला.

'कुशी' म्हणजे आरामाची, सुखाची जागा किंवा काम. ते 'खुशी'वरून आलं. मराठी कानाला मात्र यात 'कूस' ऐकू येते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही, पण मला तो शब्द वाचताना दर वेळी आईची कूसच आठवते.

५. 'डूलॅली' हा शब्द आमच्या देवळालीवरून आला, असं ऐकलं. खरं का?

हो. नाशिकजवळची देवळाली ही ब्रिटिश लष्कराची थांब्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे आणून ठेवत. इथून मुंबई, आणि मुंबईहून बोटीने घर. पण सैनिकांना नेणाऱ्या बोटी ठराविक हंगामातच, साधारण हिवाळ्यात सुटत. मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली की माणूस महिनोन्‌महिने देवळालीत अडकून. काम नाही, कवायत नावापुरती, ऊन रणरणतं, हिवताप, दारू, आणि घर समोर दिसत असून हाताला लागत नाही. डोकी फिरायची. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. 'टॅप' म्हणजे ताप. कोशकार त्याचं मूळ फारसी-उर्दूतल्या 'तप'मध्ये दाखवतात. संस्कृतातला ताप त्याचा नातलग आणि मराठीत तो आजही रोजचा शब्द आहे. पुढे टॅप गळाला. वेड लागलेल्या माणसाला नुसतं 'डूलॅली' म्हणू लागले, आणि ब्रिटनमध्ये आजही म्हणतात.

तिथे वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. शब्दासाठी त्या इस्पितळाची गरज नाही, वाट पाहणं पुरेसं होतं. आज देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असते.

६. मग हे शब्द मराठीतून इंग्रजीत गेले असं म्हणायचं का?

नाही, आणि अभिमानाच्या भरात तसं लिहू नये. छावणीची बोली हिंदुस्थानी होती. शब्द तिथून गेले, त्यातले बरेच मूळचे फारसी-अरबी. मराठीत तेच शब्द वेगळ्या वाटेने आलेले आहेत, म्हणून ते आपल्याला घरचे वाटतात. देवळालीचं नाव मात्र निखळ आपल्या मातीतलं. टॉमी चहाला 'चार' म्हणे; तो शब्द तर मूळ चिनी, आपल्यालाही आणि त्यांनाही बाहेरूनच मिळालेला.

देवघेव उलटीही झाली. आपली 'पलटण' युरोपीय भाषांतूनच आली, कप्तानही तसाच, आणि प्रश्न १ मधला सोजीर म्हणजे 'सोल्जर'.

७. 'ब्लाइटी वन' म्हणजे काय? जखमेची इच्छा कुणी करेल का?

करत असत. 'ब्लाइटी वन' म्हणजे अशी जखम की जिच्यामुळे घरी पाठवावंच लागेल, पण जिच्याने माणूस मरणार नाही की जन्माचा अधू होणार नाही. मांडीतून आरपार गेलेली गोळी, हाड न मोडता. स्ट्रेचरवरून जाणाऱ्याला खंदकातले सोबती मनापासून शुभेच्छा देत: नशीबवान आहेस, ब्लाइटी मिळाली.

मला या बोलीतला सर्वांत बोलका शब्द हाच वाटतो. जर्मन शिपाई अगदी याच जखमेला 'हाइमाटशुस' म्हणत, म्हणजे घरी नेणारी गोळी. फ्रेंच म्हणत 'बॉन ब्लेस्यूर', चांगली जखम. तीन सैन्यं आघाडीच्या दोन बाजूंना उभी राहून गोळ्या झाडत होती आणि तिघांनीही त्याच एका गोळीसाठी आपापल्या भाषेत प्रेमाचा शब्द घडवला होता.

जखम मुद्दाम स्वतःच करून घेतली, तर तो लष्करी गुन्हा होता. डॉक्टर जखमेभोवती जळाल्याची खूण, बंदुकीच्या दारूचे कण शोधत. अशा जखमींना इस्पितळात वेगळं, पहाऱ्यात ठेवत.

८. तोफगोळ्यांना माणसांची नावं का द्यायचे?

न दिसणाऱ्या गोष्टीला नाव दिलं की ती थोडी आवाक्यात येते. जड जर्मन गोळा फुटला की काळ्या धुराचा लोट उठे. त्याला नाव दिलं 'जॅक जॉन्सन', त्या काळचा हेवीवेट मुष्टियुद्धाचा कृष्णवर्णीय जगज्जेता. त्यालाच 'कोल बॉक्स', कोळशाची पेटी, असंही म्हणत. ७७ मिलिमीटरच्या तोफेचा हलका, वेगवान गोळा म्हणजे 'व्हिझ-बँग'. त्याचा सणसणाट आणि स्फोट जवळजवळ एकदमच ऐकू येत, आडोसा घ्यायला वेळच मिळत नसे. जर्मन उखळी तोफेचं नाव 'मिनेनवेर्फर', तिची झाली 'मिनी', जणू शेजारची मुलगी. ब्रिटिशांच्या स्वतःच्या एका उखळी बॉम्बला लांब दांडा होता, म्हणून तो 'टॉफी ॲपल', जत्रेतली काडीवरची मिठाई.

ही नावं उपयोगाचीही होती. नवख्याला 'मिनी' असं ओरडून सांगितलं की वर पाहायचं हे त्याला कळे, कारण तिचा बॉम्ब सावकाश, डोळ्यांना दिसत येई. व्हिझ-बँगसाठी ओरडून फायदा नव्हता.

९. खायला काय मिळायचं?

डब्यातलं खारवलेलं गोमांस, 'बुली बीफ'. हे नाव फ्रेंच 'बुई', म्हणजे उकडलेलं, यावरून आलं. दात दुखावणारी कडक बिस्किटं, जी पाण्यात भिजवून किंवा कुटून खावी लागत. 'मॅकोनकी' म्हणजे मांस, सलगम आणि गाजराचा डबाबंद रस्सा, गरम केला तर बरा. मुरंब्याला 'पॉझी' म्हणत आणि तो जवळजवळ नेहमी आलुबुखार-सफरचंदाचाच असे, इतका की त्या जोडीचीच शिसारी बसली. युद्धाच्या सुरुवातीला हातबॉम्ब कमी होते. तेव्हा त्याच मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून बॉम्ब करत.

पाणी पेट्रोलच्या डब्यांतून वाहून आणलं जाई, त्यामुळे चहाला पेट्रोलची चव. रमच्या मातीच्या बरणीवर 'एस.आर.डी.' ही पुरवठा खात्याची अक्षरं असत. शिपायांनी त्याचा विस्तार केला होता: 'सेल्डम रीचेस डेस्टिनेशन', ठिकाणी क्वचितच पोचते.

१०. खंदकातला दिवस कसा जायचा? आणि उवांचं एवढं का सांगतात?

पहाटे आणि संध्याकाळी 'स्टँड-टू': सगळे बंदुकीला संगीन लावून खंदकातल्या गोळीबाराच्या पायरीवर उभे, कारण हल्ल्याची वेळ तीच. त्यानंतर रम, नाश्ता, बंदूक साफ करणं. दिवसा हालचाल कमी, झोप मिळेल तेवढी. खरं काम रात्री: तारा दुरुस्त करणं, वाळूची पोती भरणं, डब्यांचं ओझं पुढे आणणं, मधल्या मोकळ्या पट्ट्यात गस्त. सगळा वेळ पुढच्याच खंदकात जात असे हा समज चुकीचा आहे. पलटणी पुढची रांग, आधाराची रांग, राखीव आणि विश्रांती अशा फिरत राहत. पण 'विश्रांती' या शब्दावरही शिपायांचा विश्वास नव्हता, कारण तिथे रस्ते खणायला लावत.

उवांना 'चॅट' म्हणत. सदऱ्याच्या शिवणींत त्या अंडी घालत. मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवून त्या मारायच्या, आणि हे काम घोळक्याने बसून चाले. आठवड्यांनी एकदा अंघोळ आणि धुतलेला सदरा मिळे, पण शिवणीतली अंडी जिवंतच. अंगाच्या उबेने ती पुन्हा फुटत. खंदकातला ताप या उवांमुळेच पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झालं, तोवर हजारो आजारी पडून गेले होते.

११. फ्रान्स-बेल्जियमच्या गावांची नावं अशी विचित्र का लिहिली आहेत पत्रांत?

जीभ वळेना म्हणून. ईप्रचं झालं 'वायपर्स', म्हणजे पुसणी. प्लूगस्टीर्टचं 'प्लगस्ट्रीट'. ओशोनविलेचं 'ओशन व्हिलाज', जणू समुद्राकाठचे बंगले. पोपरिंग नुसतं 'पॉप'.

दुकानात 'इल न्यां ना प्लू', संपलं, असं ऐकून 'नापू' हा शब्द बनला. ब्रेड नापू, सिगारेट नापू, आणि सोबती गेला तर तोही नापू. 'सा न फे रियां', म्हणजे काही हरकत नाही, याचं 'सॅन फेअरी ॲन' झालं, जणू एखाद्या परीचं नाव.

१२. मरणाला काय म्हणायचे?

सरळ 'मेला' क्वचितच. 'गॉन वेस्ट', पश्चिमेला गेला, जिकडे सूर्य मावळतो. 'नापू' (प्रश्न ११). 'डेझीची रोपं वर ढकलतोय'. आणि एक जो वाचून मी पहिल्यांदा थांबलो: 'जमीनमालक झाला'. गिरणीत, खाणीत, भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलाच्या नावावर आयुष्यात पहिली जमीन झाली ती सहा फुटांची.

गळ्यातल्या ओळखीच्या चकतीला 'थंड मांसाचं तिकीट' म्हणत. आपणही 'वारला', 'देवाघरी गेला' म्हणतो, पण आपल्या शब्दांत आदर राखण्याची धडपड असते. यांच्या शब्दांत उद्या पुन्हा त्याच जागी उभं राहण्याची धडपड आहे. १ जुलै १९१६ या एका दिवशी, सोमच्या पहिल्या सकाळी, ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. जखमी आणि बेपत्ता धरून आकडा ५७,४७० आहे. ॲक्रिंग्टन या छोट्या गावातून एकत्र भरती झालेल्या मित्रांच्या पलटणीचे सुमारे ७०० जण त्या सकाळी पुढे गेले आणि ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या गावातल्या गल्ल्यांमध्ये एकाच आठवड्यात किती दारांवर ही बातमी आली असेल, याचा विचार करा.

१३. भीती वाटते असं म्हणता यायचं का?

भीतीला 'विंड' म्हणत, वारा. 'त्याला वारा चढलाय' म्हणजे त्याची पाचावर धारण बसली आहे. हा शब्द मित्रांत चाले, कारण वारा कुणालाही लागू शकतो, त्यात दोष नव्हता. अधिकाऱ्यांपुढे तो चालत नसे.

तोफांच्या माऱ्यानंतर थरथरणारे, मुके झालेले, झोप उडालेले शिपाई १९१४ पासूनच इस्पितळांत येऊ लागले. फेब्रुवारी १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. पुढे लष्करालाच तो नकोसा झाला आणि १९१७ मध्ये अशा रुग्णांवर 'अद्याप निदान नाही, मज्जाविकार' अशी चिठ्ठी लावायचे आदेश निघाले. शिपायांकडे त्याआधीपासून स्वतःचा शब्द होताच, नाशिकहून आलेला (प्रश्न ५).

ज्यांच्या कंपाला आजार मानलं गेलं नाही, त्यांच्यातल्या काहींना पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली पहाटे गोळ्या घातल्या. अशा ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये कायद्याने माफी दिली. नव्वद वर्षं त्यांच्या घरच्यांनी हे नाव झाकून ठेवलं होतं.

१४. शत्रूचा द्वेष करायचे का?

वर्तमानपत्रं 'हूण' म्हणत. खंदकातले शिपाई बहुधा 'फ्रिट्झ' किंवा 'जेरी' म्हणत, शेजाऱ्याला म्हणावं तसं. १९१४ च्या नाताळात कित्येक ठिकाणी दोन्ही बाजूंचे शिपाई मधल्या पट्ट्यात भेटले, मृतांना पुरलं, सिगारेटी वाटल्या. त्यात आपल्या ३९ व्या गढवाल रायफल्सचे सैनिकही होते. पण मित्र मारला गेला त्या दिवशी फ्रिट्झ पुन्हा हूण होई. दोन्ही खरं आहे, एक निवडायची गरज नाही.

१५. घरच्या पत्रांत हे शब्द का सापडत नाहीत?

पत्रं शिपायाचाच अधिकारी वाचून तपासत असे. आपल्या भीतीचं वर्णन उद्या ज्याच्या हुकमावर चालायचंय त्याच्या नजरेखालून कोण पाठवील? शिवाय आईला कळू द्यायचं नव्हतं. अधूनमधून हिरवा लखोटा मिळे, जो पलटणीत उघडत नसत, तेवढीच मोकळीक. घाईच्या वेळी छापील कार्ड असे: 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे' अशी वाक्यं, नको ती खोडायची. याखेरीज एक शब्द लिहिला तर कार्ड फाडून टाकलं जाईल, अशी सूचना त्यावरच छापलेली. कितीतरी आयांकडे मुलाची शेवटची आठवण म्हणून असं खाडाखोड केलेलं कार्डच उरलं.

१६. शिव्यांचं काय? तुम्ही त्या गाळता का?

त्या काळच्या छापील साहित्यानेच गाळल्या. प्रत्यक्षात एक विशिष्ट शिवी दर दुसऱ्या शब्दाआधी येत असे, इतकी की तिचा अर्थच झिजला. परतलेल्या सैनिकांनी नोंदवलंय की सार्जंट ती शिवी न घालता 'बंदुका उचला' म्हणाला, की खरा धोका आला हे सगळ्यांना कळे.

१७. टॉमीचे म्हणून सांगितलेले सगळे शब्द खरेच तेव्हाचे का?

नाही. गप्पा मारणं या अर्थाचा इंग्रजी 'चॅट' हा उवा मारायला बसण्यावरून आला, ही गोष्ट लोकांना फार आवडते, पण तो शब्द कितीतरी शतकं जुना आहे. 'पॉश' हा शब्द हिंदुस्थानला येणाऱ्या-जाणाऱ्या बोटीतल्या सावलीच्या खोल्यांच्या तिकिटांवरच्या आद्याक्षरांपासून बनला, हेही दंतकथेतच जमा करा, तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. आणि प्रश्न ४ मधले बरेच शब्द महायुद्धाच्या आधीपासून छावण्यांत होते. महायुद्धाने ते घडवले नाहीत, घरोघरी पोचवले.

१८. हिंदुस्थानी सैनिकही तिथे होते ना? त्यांची बोली कुठे गेली?

होते. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि तिथून आघाडीवर पाठवल्या गेल्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यू शापेल गावावर जो हल्ला झाला त्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या होत्या, २० वी आणि २१ वी. घराघरांतून संगिनीने लढत त्या आत घुसल्या आणि त्यांचं अतोनात नुकसान झालं. १९१५ च्या अखेरीस हिंदुस्थानी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, हलवलं.

त्यांची बोली सापडते ती सेन्सॉरने भाषांतर करून ठेवलेल्या पत्रांत. बरेच सैनिक निरक्षर होते. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, गावात ते दुसराच कुणी मोठ्याने वाचणार, आणि मध्ये सेन्सॉर. म्हणून सांकेतिक भाषा. सर्वांत प्रसिद्ध संकेत मिरीचा: काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, लाल मिरी कमी वापरली जाते, असं घरी कळवायचं. सेन्सॉरलाही ते समजलं, म्हणून तर आज आपल्याला वाचायला मिळतं.

मला राहून राहून एक गोष्ट छळते. त्याच चिखलात, त्याच पावसात टॉमी 'ब्लाइटी'साठी झुरत होता, आणि त्याच्या शेजारचा शिपाई 'विलायती'त अडकला होता. शब्द एकच. एकाचं ते घर, दुसऱ्याचा परका मुलूख.

१९. मराठा पलटणी कुठे लढल्या?

मुख्यतः मेसोपोटेमियात, ज्याला गोरे शिपाई 'मेस्पॉट' म्हणत. सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीकाठाने बगदादच्या दिशेने ही फौज पुढे गेली आणि टेसिफोनहून मागे हटून कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. अनेक हिंदी सैनिकांनी धर्मामुळे ते मांस बराच काळ नाकारलं आणि स्कर्व्हीने, उपासाने खंगले. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार जण कैद झाले. वाळवंटातून चालवत नेताना आणि नंतर मजुरीच्या छावण्यांत त्यांतले हजारो मेले.

यात बहुतेक सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतली शेतकऱ्यांची पोरं. महार सैनिकांची भरती सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. युद्धात माणसं हवी झाली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरताच काही वर्षांत मोडली. हा अन्याय युद्धाच्या इतिहासात पुरेसा सांगितला जात नाही.

त्यांच्या तोंडचे शब्द कुणी टिपून ठेवले नाहीत. टॉमीच्या बोलीचे कोश झाले, यांच्या बोलीचा झाला नाही. तुमच्या घरात मेसोपोटेमियाहून परतलेल्या आजोबा-पणजोबांचा एखादा शब्द, एखादी म्हण अजून बोलली जात असेल, तर ती लिहून काढा. कुणी बोलली, कुणाकडून ऐकली, हेही लिहा.

२०. पणजोबा या युद्धात होते एवढंच माहीत आहे. नोंद कशी शोधू?

आधी घरातली पदकं शोधा. रुपेरी पदकाच्या आणि इंद्रधनुषी फितीच्या 'व्हिक्टरी' पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंगाने पाहा. घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातील. बऱ्याच गावांत संगमरवरी फलक आहे: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यावर सहसा आकडेच असतात, पण गाव नक्की होतं.

मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटणीने शोधता येतं. फ्रान्समध्ये मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं न्यू शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट वेगळी. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीनिहाय फक्त आकडा दिला. कमिशनने २०२१ मध्ये ही चूक मान्य करून माफी मागितली. म्हणून मराठा पलटणीचा शिपाई शोधत असाल तर दगडाच्या छायाचित्रांत नाव दिसलं नाही म्हणून थांबू नका, कमिशनची नोंदवही तपासा. इंग्रज कारकुनांनी कानावर पडेल तसं स्पेलिंग केलं आहे, त्यामुळे आडनाव तीन-चार तऱ्हांनी घालून पाहा, आडनावाशिवायही पाहा, वडिलांच्या आणि गावाच्या नावानेही. एखादं नाव जुळलं, की पदकाच्या कडेवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून बघा.